तीन काटे, एक कॉम्प्युटर

कुरुंदा, मंगळवार रात्र, २००३

सेठजींच्या हळदीच्या गोदामात वजनाचे इलेक्ट्रॉनिक काटे तीन आणि कॉम्प्युटर एक. इतकी वर्षं ज्या काट्यावर पोतं चढलं, त्याची वायर मीच कॉम्प्युटरला जोडायचो, तिच्या टोकाचे दोन्ही बारके स्क्रू बोटानं आवळायचो. तोवर हमाल थांबायचे. "भाऊ, आमच्या काट्याला या!"

आज हिंगोलीच्या सलीमनं एक डबी बसवून तिन्ही काटे एकदमच जोडले. आता खुर्चीवरूनच वजन दिसतं, आणि खुर्चीवरूनच हुकूम दिला की काटा शून्यावर येतो. खुर्ची माझी. तिच्यावर बसवून सेठजींनी सलीमला चहा पाजला. तिन्ही काट्यांवर पोती चढली, मला कोणी हाक मारली न्हाई. जळलोच मी. काहून लपवू?

मग मधला काटा मुका झाला, त्याचं वजन कॉम्प्युटरवर येईना. बरं वाटलं, खरंच. सलीम घामाघूम. पण हाताला राहवलं न्हाई. गेलो, बघितलं, त्या वायरचे स्क्रू त्यानं आवळलेच नव्हते. आवळले. काटा बोलला.

सलीम सेठजींना म्हणला, "यांच्यासारखे स्क्रू कोणी आवळत न्हाई."

मनापासून म्हणला बिचारा. शिवी दिली असती तर झोप तरी लागली असती.