बाटलीवर लिहिलेले नाव

रवि. ३ फेब्रुवारी १९५७, चिंचवड

परसातली पपई वर्षभर फुलते, फळ मात्र एकही धरत नाही. असे झाड प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिले असेल. शेजारच्या पारूबाई आज कोयता घेऊनच आल्या. "मास्तर, वांझ झाड दारात ठिवू न्हाई." मी त्यांना थांबवले. फुलांचा लोंबता घोस तोडून एकेक फूल उलगडून दाखवले. हे परागकण, बीजांडकोश मात्र नाही. झाड नराचे आहे, फळ धरणे त्याच्या रचनेतच नाही. अर्धा तास बोललो. फार रंगलो.

पारूबाई हसल्या. "म्हंजी वांझ न्हाई, गडी हाय म्हणा की! आन् आमी उगाच बाईमाणसाचं नाव घेतो."

सु. (सुशीला) दोरीवरचे कपडे काढत होती. टोपली उचलून आत गेली.

मंगळ. ५

हेडमास्तरांच्या सुनेचे डोहाळजेवण. सु. पहाटेपासून तिकडे राबत होती. पुऱ्या सगळ्या तिनेच लाटल्या. ओटी भरायच्या वेळी हेडमास्तरीणबाई तिला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही जरा आत पानांचं बघा." हे सु.ने सांगितले नाही. आईने सांगितले, आणि तेही तिची कणव येऊन नव्हे.

"सात वर्षं झाली लग्नाला, दत्ता. मामाची लेक शालू अजून थांबलीय."

मी आईला दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा समजावून दिला. क्रमाने, उदाहरणांसह. कायद्याच्या आड उभा राहिलो. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते.

"कायदा तुझ्या शाळंत ठेव. मग तिला पुन्हा दवाखान्यात ने. अठराला, सोमवारी. मी तिला सांगून ठेवलंय."

ही तिसरी खेप होईल.

गुरु. ७

लिहून ठेवलेच पाहिजे. गतवर्षी सु.ची पिशवी प्रथम साफ केली, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन चिठ्ठी दिली होती : यापुढे काहीही करण्याआधी यजमानांची तपासणी. ती चिठ्ठी प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आहे. बेडकाच्या प्रकरणात. खूण म्हणून वापरतो.

दिवाळीनंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे तेच सगळे पुन्हा केले. संमतीच्या कागदावर सही माझी. सु. दोन दिवस भिंतीला धरून चालत होती. मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवले की दोन कारणे संभवत असताना एकच तपासून निष्कर्ष काढणे हा अप्रामाणिकपणा होय. मुलांनी उतरून घेतले.

शनि. ९

रजा काढली. नमुना तासाच्या आत आणि अंगाच्या उबेत पोचवावा लागतो. शाईची रिकामी दौत उकळून, वाळवून घेतली होती. पुण्याची गाडी, दौत कोटाच्या आतल्या खिशात, वर हात. डब्यात देहूरोडच्या डेपोतले सावंत भेटले.

"काय मास्तर, छातीत कळ येते काय? हात निघंना तो."

"शाई आहे."

"मग जपा राव! सांडली तर वहिनी घरात घ्यायच्या नाहीत."

डबा हसला. मीही हसलो.

प्रयोगशाळेत कारकुनाने चिठ्ठी चिकटवायला नाव विचारले. विद्यार्थ्याने बरणीवर चुकीचे नाव घातले तर मी त्याला उभे करतो. मी सांगितले, "गो. रा. कुलकर्णी." हा गृहस्थ कोण, मला ठाऊक नाही.

बुध. १३

अहवाल मिळाला. शुक्रजंतू एकही आढळला नाही. तेथील डॉक्टर भले गृहस्थ. एका परीक्षेवर विसंबू नये, महिन्याने पुन्हा पाहू, इलाजाचे मग बोलू, म्हणाले. निघताना विचारले, "कुलकर्णी, पत्नीला उगाच टेबलावर घेतलं नाही ना कोणी?"

"नाही," म्हणालो.

गुरु. १४

सु.ला कागद दिला. तिने सावकाश वाचला.

"हे कुलकर्णी कोण?"

"मीच."

मग चिठ्ठीचेही सांगितले. पुस्तक काढून दाखवले.

"म्हणजे दिवाळीत तुम्हांला ठाऊक होतं."

"शक्यता ठाऊक होती."

"मग मला का नेलंत?"

मी सांगू लागलो. पहिले कारण असे, की... "अहो, शिकवू नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. "मूल होईल तर होईल, नाहीतर एखादं पोरकं आणू. त्याचं मी बघेन. पण सोमवारी मी जाणार नाही. का जात नाही, ते आईंना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

त्यानंतर तिने वाढले. माझ्याकडे पाहिले नाही.

रवि. १७

कागद आईपुढे ठेवून उपयोग नाही. त्यावर दुसऱ्याचे नाव. पुरावा मीच नासवला. आता तोंडानेच बोलावे लागेल.

परीक्षा साधी आहे. उपकरण लागत नाही, कोणाही पुरुषाने आपल्या घरी करून पाहावी. ज्या माणसापुढे आपण बायकोला उत्तर द्यायला लावले, त्याच्यासमोर बसावे. तीन शब्द म्हणावेत : दोष माझ्यात आहे. नजर खाली जाता कामा नये. कितव्या शब्दाला गेली, याची नोंद ठेवावी.

माझी नोंद. सकाळी पहिल्या शब्दाला. आई म्हणाली, "कसला दोष रे?" मी म्हणालो, "चष्म्याचा." दुपारी दुसऱ्या शब्दाला, तोवर ती उठून गेली होती.

आता आई पुन्हा ओट्यावर शेंगा फोडत बसली आहे. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला आहे, म्हणजे सु. ऐकते आहे. वही ठेवतो आणि बाहेर जाऊन बसतो.