खवल्यांवाचून

सॅन साबा, टेक्सास
बुधवार, ११ मार्च

प्रिय लेलंड,

तू आणि डोरीन खुशाल असाल. आम्ही ठीक आहोत. थंडी ओसरल्यापासून नेल्डाचा गुडघा कुरकुरत नाही. पिकनच्या झाडांना अजून पालवी नाही, म्हणजे उत्तरेचा एखादा गार वारा यायचा बाकी आहे.

शनिवारी तू नर साप घेऊन येणार, माझ्या शिबाशी जोडी लावायला. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून आजच टाकतो आहे. फोनवर बोलायला गेलं की तू हसतोस आणि मी गप्प बसतो. चाळीस वर्षं आपलं हेच चाललं आहे.

परवा पेंडीच्या दुकानात व्हर्जिलनं चारचौघांत विचारलं, "काय रॉयस, तुमच्या सापांना सदरे शिवले की नाही अजून?" सगळे हसले. मीही हसलो आणि पोतं उचलून निघालो.

घरी येऊन शिबाला हातात घेतलं. बिनखवल्यांची धामण पहिल्यांदा हातात आली तेव्हा तू म्हणाला होतास, कुणाच्या तरी कानाची पाळी धरल्यासारखं वाटतं. अजून तसंच वाटतं. अंगावरचे तांबूस पट्टे आत्ताच रंगवल्यासारखे ओले दिसतात आणि कातडीखाली श्वास हलताना दिसतो. प्रदर्शनात सापाच्या नावानं किंचाळणाऱ्या बायकासुद्धा हिला हात लावायला रांग लावतात. तो मोह मला नाही असं मी म्हणत नाही. हिला घेतलं की खाली ठेववत नाही.

पण जानेवारीत मी तिच्या पेटीत ओकची एक फांदी उभी केली. धामणीची जात, झाडावर चढणारच. ती वीतभर चढली आणि घसरली. पोटाला धरायला खवलेच नाहीत. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. संध्याकाळपर्यंत तिनं तेच केलं. शेवटी मी फांदी काढून घेतली.

आता अंड्यांचं लिहितो. गेल्या जूनमध्ये शिबाची चौदा अंडी मी स्वतः ओल्या शेवाळात ठेवली. प्रवासात उलटू नयेत म्हणून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली आणि पेटी तुझ्या मांडीवर दिली. पिल्लं अकरा झाली असं तू कळवलंस. आधी म्हणालास, तीन अंड्यांना बुरशी लागली. पुढच्या महिन्यात म्हणालास, सुकली. ऑक्टोबरात म्हणालास, पिल्लं अंड्यातून बाहेरच आली नाहीत. त्याच दिवशी मला मागच्या खोलीत जाऊ दिलं नाहीस, म्हणालास दार उघडलं की ऊब जाते. ऑक्टोबरात कुठली अंडी उबवत होतास तू? मी विचारलं नाही. घरी येऊन तारखेसकट लिहून ठेवलं. सख्ख्या भावाचं बोलणं लिहून ठेवणारा माणूस चांगला नसतो, हे मला कळतं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला आम्ही तुमच्याकडे जेवायला आलो. डोरीननं मला बर्फ आणायला गराजमधल्या फ्रीजरकडे पाठवलं. गोठवलेल्या उंदरांच्या खाली पावाची एक पिशवी होती. आत तीन पिल्लं होती. अंड्यातून बाहेर आलेली, पहिली कातही टाकलेली. कातीबरोबर पोटाची कातडी सोलून निघालेली. तिघंही नाक आत घेऊन घट्ट वेटोळं करून बसलेली. लेलंड, मेलेला साप वेटोळं करून घेत नाही. ती जिवंत आत गेली होती.

मी पिशवी होती तशी ठेवली आणि बर्फ घेऊन आलो. तू म्हणालास, "थोरला आहेस, प्रार्थना तूच म्हण." मी म्हटली.

साडेतीन महिने मी स्वतःला सांगत राहिलो की सण होता, डोरीन होती, म्हणून बोललो नाही. ते खरं नाही. "अंड्यातून बाहेरच आलं नाही" हे वाक्य माझं आहे. आपली पहिली सहा अंडी झाली तेव्हा मी तुला पाच पिल्लं दाखवली आणि सहाव्याबद्दल हेच सांगितलं. ते बाहेर आलं होतं. पोट उघडं होतं, दोन दिवस कागदावर स्वतःला ओढत होतं, आणि मागे ओली रेघ उमटत होती. थंडीत झोप लागते, कळतसुद्धा नाही, असं या धंद्यातले सगळे म्हणतात, म्हणून मी त्याला उंदरांच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. तासाभरानं बघायला गेलो. त्याला झोप लागली नव्हती. मी दार पुन्हा लावलं.

तू तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवलास. निदान मला तसं वाटलं. तुलाही तेव्हाच संशय आला होता का, हे मी कधी विचारलं नाही.

आणखी एक. हिवाळाभर तू फोनवर विचारत होतास, "झोपवलीस ना शिबाला?" मी हो म्हणत होतो. मी तिला थंडीत ठेवलंच नाही. तुमच्याकडून परतल्यापासून ती दिव्याच्या उबेत आहे आणि दर आठवड्याला खाते आहे. हिवाळ्याची झोप न झालेली मादी जोडीला उभी राहत नाही, हे तुला मी सांगायला नको. समोर नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून मी ही युक्ती केली.

तरी तू म्हणशील, दोघांना एकत्र ठेवून तर बघू. म्हणून आता स्पष्ट लिहितो. शिबाला मी देणार नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही.

तू म्हणतोस, पहिला बिनखवल्यांचा साप रानातच सापडला, देवानंच केला. मी यावर पुष्कळ विचार केला. देवानं केला असेल. पण एदेनच्या बागेतून हाकलताना त्यानं त्या दोघांना उघडं पाठवलं नाही, कातड्याचे कपडे करून घातले. उघडं जन्माला घालायची घाई त्याला नव्हती. ती आपल्याला आहे.

शनिवारी ये. रागावलेला असलास तरी ये. नेल्डा जेवण करील. नर मात्र घरी ठेव. शेडचं कुलूप मी बदललं आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्या जागी मी असतो तर आम्ही रविवारी चर्चला गेल्यावर गुपचूप आलो असतो, शिबाला उचलून नेलं असतं आणि नंतर म्हटलं असतं, पेटी उघडी राहिली असेल, निघून गेली असेल. म्हणून बदललं.

तुझ्या आधी खोटं बोललेला, तुझा भाऊ,
रॉयस