आगळाच्या बाटलीला सुंभ

तू सुटलीस आणि बाटल्यांची राखण माझ्या गळ्यात घालून गेलीस, आये. घरात नवी बाटली आली की सून माझ्याकडं बघते, जशी मी जकात नाक्यावर बसलेय. पुन्हा ओकारी-जुलाबाची साथ आलीय म्हणून काल तिनं फिनेल आणलं. कशात? सरबताच्या बाटलीत! तशीच उचलली आणि पनवेलच्या भर बाजारात दुकानदारापुढं आपटली. तो म्हणतो, "आजी, वर चिठ्ठी डकवलीय की. वाचा." म्हटलं, "मी वाचते रे, म्हातारपणी वर्गाला जाऊन शिकलेय. माझी नात वाचत नाय, ती चाटते." गिऱ्हाइकं हसली. पण दोघींनी पिशवीतून आपापल्या बाटल्या काढून निरखल्या. बरी आहेस ना तू?

स्वातंत्र्याआधीची ती पटकी आठवते. नगरपालिकेचा माणूस विहिरीत लाल औषध टाकायचा आणि भाजी धुवायला बायकांना त्याच्या पुड्या द्यायचा. घरोघरी बायकांनी ते औषध पाण्यात कालवलं आणि रिकाम्या बाटलीत भरलं. आपल्याकडं रिकामी बाटली म्हणजे सरबतासाठी काढलेल्या कोकमाच्या आगळाची. रंगही तोच. तुझा जावई मला न्यायला आलेला. मिठागरावरून तापून येतो, फळीवरची बाटली घेतो, पेल्यात ओततो आणि साखर कुठं आहे विचारतो. तू चुलीपुढून उठतेस. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई तू, आणि फाडकन त्याच्या हातावर मारतेस! पेला भिंतीवर, सदरा लालेलाल. "थुका, जावयबापू! आधी थुका!" नुसती जीभ लागली होती, पण त्याला झोंबला तो सासूचा हात. भरलं ताट सोडून निघाला, मलाही तिथंच टाकून. मी रडायला लागले तर म्हणालीस, "रंडकी होण्यापरीस माहेरी बसलेली बरी. भांडी घास."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या पुडीवाल्याला धरलंस. "पुडी देता, ठेवायची कुठं ते कोण सांगंल?" तो हसला, "मावशी, त्यात काय सांगायचं?" "माझा जावई गेला असता, ते सांगायचं." मग त्याचं हसू गेलं. तेव्हापासून पुडी देताना तो प्रत्येकीला बजावायचा: आगळाच्या बाटलीत भरू नका, चुलीजवळ ठेवू नका, बाटलीच्या गळ्याला सुंभ बांधा, अंधारातही हाताला कळलं पाहिजे. तुझं नाव घेत नव्हता, पण त्या विहिरीवर कायदा तुझा चालला. मला तेव्हा लाज वाटायची. आता ऊर भरून येतो.

पुढं कित्येक महिन्यांनी तुझा जावई मला न्यायला आला, उंबऱ्याबाहेरूनच. घरी जाऊन बघते तर रॉकेलच्या बाटलीला सुंभ, औषधाच्या बाटलीला सुंभ, माझ्या खोबरेलालाही सुंभ. मी विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय. मरेपर्यंत एवढंच म्हणायचा, "सासूनं हात उचलला."

हे पत्र कुठं टाकणार? फळीवरच ठेवते. सुनेच्या हाती लागलं तर म्हणेल, म्हातारी आईच्या वळणावर गेली. गेलेय, खोटं कशाला बोलू? आणि उत्तर तू देऊ नको. तो आता तिथंच आहे, तुझ्याजवळ. सुंभ कुणाच्या सांगण्यावरून बांधला, ते त्यानं कळवायचं. तू नाय, त्यानंच.