चार नंबरची जर्सी

यवतमाळ,
१९ जुलै १९६९

प्रिय जमनी,

तुझा पत्ता मला तुझ्या आईंनी, लालीबाईंनीच दिला. मागच्या महिन्यात मी आर्णीच्या बाजारात गेले होते, तिथे तुझ्या याडी भेटल्या. दहा वर्षांनी भेटत होतो, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या. त्यांना वाचता येत नाही, पण तुझा पत्ता तोंडपाठ होता. मी लिहून घेतल्यावर तो त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला. तुला एक मुलगा आणि एक मुलगी आहे, हे त्यांच्याकडून कळलं. मुकुटबनच्या तांड्यात कुणाचं पत्र आलं तर ते तुझ्याकडेच येतं, आणि तलाठ्याच्या कागदावर अंगठा लावण्याआधी बायका तो तुझ्याकडून वाचून घेतात, हेही त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी आपल्याच शाळेत मास्तरीण झाले आहे. पाचवी-सहावीला मराठी शिकवते आणि संध्याकाळी खो-खो घेते. लग्न झालं, घरचे कापसाच्या जिनात कारकून आहेत. माहेरी आबांचं तसबिरींचं दुकान अजून चालू आहे. मात्र आता त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी मदतीला बसते. ते काच कापतात, मी धरते. आपल्या खो-खोच्या देवतळे बाई निवृत्त होऊन वर्ध्याला गेल्या. वसतिगृहाच्या मागचं मैदान निम्मं गेलं, तिथे नवीन वर्ग बांधले. पण आपले दोन खांब जिथे होते तिथेच आहेत.

यंदा शाळेला पंचवीस वर्षं झाली. मोठ्या बाईंनी ठरवलं की खेळाच्या खोलीत जुन्या संघांची काही आठवण लावायची. शोधायला गेलो तर काहीच हाती लागेना. आपण अमरावतीला जिंकलेली ढाल फिरती होती, ती दुसऱ्या वर्षी परत द्यावी लागली. संघाचा फोटो वाळवीनं खाल्ला. सगळ्या शिक्षिका हळहळत होत्या तेव्हा मी बोलून गेले की माझ्याकडे त्या संघातली एक जर्सी आहे, सगळ्यांच्या सह्यांची.

तुझी जर्सी, जमनी. दहा वर्षं माझ्या पेटीत तळाशी होती, कडुनिंबाच्या पाल्यात. लग्नानंतर सासरी आले तेव्हाही ती बरोबर आणली. बाहेर काढून पाहिली तर कापड पिवळट पडलं होतं, निळी कॉलर विटली होती, पण सह्या जशाच्या तशा. तुला आठवतं ना, शाईनं केल्या तर पहिल्याच धुण्यात जातील, म्हणून तू तांड्यावरून बिब्बे आणले होतेस. परीट कपड्यांवर खूण करतात तसं बिब्ब्यात काटा बुडवून आम्ही एकेकीनं नाव काढलं आणि वरून चुना लावला. मागच्या बाजूला उतरू नये म्हणून आत पाटी सरकवली होती. सरस्वतीच्या बोटाला फोड आला आणि ती दोन दिवस डाव्या हातानं जेवली. छातीवर आठजणींची नावं आणि सगळ्यात खाली, शिवणीला टेकून, माझं. मी बदली खेळाडू होते, म्हणून मीच शेवटी केली.

जर्सी घेऊन मी आबांकडे गेले. त्यांनी नेहमीसारखा पुठ्ठा कापला, जर्सी त्यावर सह्यांची बाजू वर करून पसरली, सागवानी पट्टी काढली. मी सहज ती उलटी केली आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. पाठीवरचा चार. शाळेनं नुसत्या जर्सी दिल्या होत्या, नंबर घरून शिवून आणायला सांगितलं होतं. आमच्या आयांनी काळ्या चिंधीचे आकडे कापून टाके मारले. लालीबाईंनी त्यांच्या जुन्या फेटियाच्या घेराचं लाल कापड घेऊन त्यावर पिवळ्या-हिरव्या दोऱ्यानं असा चार भरला होता, की बाकीच्या मुलींनी आपल्या पाठी भिंतीकडे केल्या. त्यात पाच आरसे होते. अमरावतीला पंचांनी हरकत घेतली, कुणाला लागेल म्हणाले, आणि देवतळे बाईंनी मैदानाच्या कडेला उभं राहून कात्रीनं ते आरसे काढले. तू रडली नाहीस, पण आरसे मोजून रुमालात बांधून घेतलेस. त्यांच्या जागची दोऱ्याची पाच गोल घरं अजून रिकामी आहेत.

आबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "एकीकडून लावली त दुसरी बाजू का भिंतीले दाखवाची?" त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला. दोन्हीकडून काच लावायची असं ठरलं.

ऐकायला सोपं वाटतं, पण तसं काम आबांनी आयुष्यात केलं नव्हतं. तसबिरीला पाठ असते, तिथे खिळे मारता येतात, चूक झाकता येते. इथे झाकायला जागाच नाही. दोन काचांमध्ये कापड दाबलं तर पावसाळ्यात ओल धरेल आणि बुरशी येईल, म्हणून काचेला कुठेही टेकता कामा नये. मग त्यांनी अंगठाभर खोल चौकट केली, दोन्ही बाजूंनी काच बसायला खाच पाडली. सागाची गुळगुळीत काठी एका बाहीतून घालून दुसऱ्या बाहीतून काढली. लाकडाचं तेल कापडाला लागू नये म्हणून काठीला मी धुतलेली मलमल गुंडाळली. खांदे काठीला पांढऱ्या दोऱ्यानं शिवले, सहीवरून एकही टाका जाऊ दिला नाही. खिळ्यांऐवजी स्क्रू लावले, कधी उघडायची वेळ आली तर काच फुटू नये. तीन रविवार गेले.

मोठ्या बाईंना आधी हे पटेना. त्यांना ती ऑफिसात, त्यांच्या खुर्चीच्या मागे लावायची होती. मी म्हटलं, मग मागचं कोण बघणार? शेवटी व्हरांडा आणि खेळाची खोली यांच्यामधल्या भिंतीत जी जुनी खिडकी आहे, तिचे गज काढून त्या जागी चौकट बसवायची असं ठरलं. उत्तरेकडची बाजू, ऊन येत नाही. व्हरांड्यातून जाणाऱ्यांना सह्या दिसतील, आत खेळायला येणाऱ्या मुलींना तुझा चार.

माझ्या खो-खोच्या मुलींना मी अमरावतीच्या त्या सामन्याची गोष्ट सांगते. शेवटची पाळी, तुझ्याबरोबरच्या दोघी बाद झालेल्या, आणि तू एकटी साडेचार मिनिटं पळत होतीस. मी पाण्याची बादली घेऊन खांबाजवळ बसले होते, त्यामुळे तुझे पाय मला सगळ्यांत जवळून दिसले. समोरची मुलगी सूर मारायची आणि तू तेवढ्यात नसायचीसच. शिट्टी वाजली तेव्हा तू थांबली नाहीस, आणखी दोन खेळाडूंना वळसा घालून गेलीस आणि मग आमच्याकडे बघून हसलीस. अजून मी अशी पळणारी मुलगी पाहिली नाही. माझ्याकडे वीस मुली खेळतात, त्यांत एक-दोन चांगल्याही आहेत.

पुढचं तुला सांगायला नको. आठवड्याच्या आत तुझे बाबा आणि भीमसिंगकाका मोटरनं आले आणि वसतिगृहाच्या दारात उभे राहिले. नववीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. देवतळे बाईंनी खूप विनवलं. तुझे बाबा मान खाली घालून चपलेनं माती उकरत होते. बोलत होते ते भीमसिंगकाकाच. पोरगी चड्डी घालून हजार माणसांपुढे नाचली, आता तांड्यात तोंड दाखवायचं कसं, असं काहीसं. तू सामान बांधलंस. पेटीतून ही जर्सी काढून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "तू घाल, नलू. तुले बराबर होते." मग सगळ्यांकडे बघून विचारलंस, काकाले कोणं सांगतलं? कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, पेपरात फोटो आला असन. सगळ्यांना ते खरं वाटलं. तुलाही वाटलं असावं.

पुढच्या वर्षी अकोल्याला तुझ्या जागी मीच खेळले. तुझी जर्सी घातली होती. पहिल्याच पाळीत अकरा सेकंदांत बाद झाले. त्यानंतर मी ती कधी घातली नाही.

चौकट गेल्या रविवारी पुरी झाली. शेवटचा स्क्रू मी फिरवत होते आणि आबा काचेपलीकडे बसले होते. मधे तुझी जर्सी. आबा त्या बाजूनं, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पोरी, त्या दिवशी भीमसिंग आलता, तवा मी आतच होतो. रंधा थांबवून आयकत होतो." एवढं बोलून ते उठले आणि हात धुवायला गेले. दहा वर्षं त्यांनी हे एकदाही काढलं नव्हतं. ते मला कधी रागावले नाहीत, मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं, आणि सगळा वेळ त्यांना माहीत होतं.

मोठ्या बाईंनी चौकटीखाली लावायला पितळी पाटी करायला टाकली आहे. जर्सी माझ्याकडून मिळाली म्हणून आणि तिच्यावर माझी सही आहे म्हणून त्यांनी पाटीवर माझं नाव घालायचं ठरवलं होतं. सोमवारी मी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की जर्सी माझी नाही आणि ती माझ्याकडे कशी आली तेही सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. नंतर म्हणाल्या, ज्या मुलीला सांगायचं तिला सांगितलंस का? नाही म्हटलं. म्हणून हे पत्र.

जमनी, काकांना मी सांगितलं. अमरावतीहून आल्यावर तिसऱ्या दिवशी ते देवीची तसबीर घेऊन आमच्या दुकानात आले होते. फोटो पेपरात यायच्या आधी. काळी पट्टी लावावी की सोनेरी, एवढंच त्यांनी मला विचारलं. मी सोनेरी म्हटलं, आणि मग तुमची जमनी अमरावतीला अशी खेळली, अशी चड्डी घालून, एवढी माणसं बघत होती, पुरुषच जास्त, असं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. मी कौतुक करतेय असं दाखवत होते, पण ते कौतुक नव्हतं, आणि त्याचं काय होणार हेही मला कळत होतं. मला बादली घेऊन बसायचं नव्हतं. तू शाळेतून जावीस असं मनात होतं का, याचं उत्तर मी दहा वर्षं टाळलं. होतं. माफी मागण्याइतकी माझी हिंमत नाही, आणि मागून तुझी नववी परत येणार नाही. पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता चौकट लावायची आहे. पांढरकवड्यावरून आदल्या दुपारची मोटर मिळते, उतरायला वसतिगृहात खोली आहे, लालीबाईंनाही आणायचं मी बघते. पण हे वाचल्यावर तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. तू आलीस किंवा नाही आलीस, पाटीवर नाव तुझंच जाईल. ते कसं लिहायचं, माहेरचं की सासरचं, तेवढं एका कार्डावर कळव. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझीच, असं लिहायचा हक्क राहिला असेल तर,
नलू