डाळिंबी आणि चॉकलेटी

प्रिय ताई,

आईबाबांसाठी रंगवून घेतलेल्या खोलीचे फोटो मिळाले. पडदे छान आहेत. खिडकीपाशी आईसाठी खुर्ची ठेवलीस, तेही पाहिलं. फोटोंना उत्तर दिलं नाही, कारण त्याच दिवशी इथे एक गोष्ट सुरू झाली होती आणि ती पुरी झाल्याशिवाय मला काही बोलायचं नव्हतं. अर्धवट निकाल सांगायचा नाही, ही मला प्रयोगशाळेनं लावलेली सवय. तू तिला घुमेपणा म्हणतेस.

मी आले होते आवराआवरीला. महिनाअखेरीला आईचं रफूचं दुकान बंद करायचं आणि दोघांना तुझ्याकडे आणून सोडायचं, असं आपलं ठरलंच होतं. आईनं विरोध केला नाही, याचं तुला बरं वाटलं होतं. मला ते खटकलं होतं. जिनं आपल्या दोघींच्या जन्मानंतरही दुकान उघडायला उशीर केला नाही, ती बाई "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते, म्हणजे आत काहीतरी निसटलेलं असतं. तुला वाटलं ती थकली. ती थकली नव्हती. आपल्याला रंग दिसेनासे झालेत, अशी तिची खात्री झाली होती.

हे मला तिनं सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं, तेही खोकी बांधता बांधता, सुतळी दातात धरून. वकीलबाईंचा डाळिंबी कोट आला होता, बाहीवर निखाऱ्यानं पडलेलं भोक. आईनं सुंदर रफू केलं. वकीलबाई कोट घेऊन दारापर्यंत गेल्या, उजेडात बाही वळवून पाहिली आणि कोट परत टेबलावर ठेवला. डाळिंबी कापडावर चॉकलेटी रफू. त्यानंतर एक जांभळी शाल निळ्या रफूमुळे परत आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, चष्म्याचा नंबर सोडला तर डोळे ठीक आहेत. आई बाहेर येऊन बाबांना म्हणाली, "चांगला माणूस आहे. खरं सांगायचं त्याच्या जिवावर आलं." तेव्हापासून तिनं रंगीत काम घेणं सोडलं. पांढरे शर्ट आणि काळ्या छत्र्या, बस.

मी दुकानात जाऊन बसले. समोर नवी इमारत झाल्यापासून तिथे दिवसाही दिवा लागतो, हे तुला माहीत आहे. आईच्या टेबलावर पूर्वी जो पिवळा, तारेचा बल्ब होता, त्याला बाबा शेगडी म्हणायचे. मीटर वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस. वाया जाणारी वीज त्यांना अंगाला टोचते. इमारत उभी राहिली तेव्हा आईचा अंधार त्यांच्याच्यानं बघवेना. मग त्यांनी बाजारातल्या ढिगातून कमी वीज खाणारे पांढरे बल्ब आणले आणि घरभर लावले. पहिला लावला तो आईच्या टेबलावर. बघायला गेलं तर हे प्रेमाचंच काम होतं. म्हणूनच कुणाला त्या दिव्याचा संशय आला नाही. आईचं गणित सरळ होतं: आधी उजेड कमी होता तेव्हा दिसत होतं, आता लख्ख उजेड आहे तरी दिसत नाही, म्हणजे डोळेच गेले.

मला संशय आला तो बाबांच्या चेहऱ्यामुळे. दारात उभे होते तेव्हा ठणठणीत दिसत होते. आत येऊन दिव्याखाली बसले आणि आजारी वाटायला लागले. मी स्वतःचा तळहात दिव्याखाली धरला. राखेचा रंग. उजेड भरपूर होता, पण त्यात लाल जवळजवळ नव्हताच. जो रंग उजेडात नाही, तो कापडावर दिसणार कुठून? प्रयोगशाळेत आम्ही रोज हेच मोजतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा एक आकडा असतो, शंभरपैकी. चांगल्या बल्बच्या खोक्यावर तो छापलेला असतो, आणि खोकं कचऱ्यात जाईपर्यंत कुणी वाचत नाही. लोक दोनच गोष्टी विचारतात: वॅट किती आणि झगझगीत आहे ना?

आईला हे नुसतं सांगून उपयोग नव्हता. डॉक्टरांवर जिचा विश्वास बसला नाही, ती माझ्यावर काय ठेवणार? मी रंगांचा आकडा सत्त्याण्णव असलेला बल्ब शोधून आणला. लालचा वेगळा आकडा विचारला तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाई, दिवा घेताय की सून बघताय?" वॅट बाबांच्या बल्बाइतकेच. तेवढ्याच विजेत उजेड थोडा कमी मिळतो, हेही बाबांना आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग काय फायदा? शिकलीस आणि घरात अंधार आणलास."

आईला मी फक्त रिळं लावायला सांगितली, आवराआवरीचा भाग म्हणून. तिनं बाबांच्या दिव्याखाली रंगांप्रमाणे ढीग केले. मग मी बल्ब बदलला आणि म्हटलं, एकदा नजर टाक, मग खोक्यात भरू. तिनं चष्मा वर केला, खाली केला. चॉकलेटी ढिगातून एक रीळ उचललं आणि रागावून म्हणाली, "हे इथे कुणी टाकलं?" मग दुसरं. मग तिसरं. मग तिचा हात थांबला, कारण टाकणारी तीच होती. बाबा वाकून बघत होते. ती त्यांच्याकडे वळली. "अहो, तुमच्या उजेडानं मला आंधळं केलं, आणि वर हात धरून डॉक्टरकडे तुम्हीच नेलंत!" आणि हसायला लागली, ताई. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा आधी ओशाळले, मग म्हणाले, "पण वॅट तेवढेच आहेत ना? मग माझी हरकत नाही."

पुढचं भराभर झालं. वकीलबाई ठेवून गेलेला कोट आईनं काढला, जुनं रफू उसवलं आणि नवं घातलं. त्या घ्यायला आल्या, दारात गेल्या, बाहीवरून बोट फिरवलं. "कुठे होतं हो ते?" आई मान वर न करता म्हणाली, "शोधा." सापडलं नाही. बाबांचे पांढरे बल्ब मी टाकले नाहीत. जिना, मोरी आणि मागचं दार, जिथे कुणी रंग पारखत नाही, तिथे ते उत्तम आहेत. स्वयंपाकघरात आणि आईच्या टेबलावर माझे. कुठे कुठला हे मी ठरवलं, शिडीवर मात्र बाबाच चढले.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरं झालं" म्हणाली असतीस आणि ठेवून दिला असतास. ताई, ती दोघं तुझ्याकडे राहायला येणार नाहीत. खोक्यांची सुतळी मी सोडली. तुला हे सांगायचा आईला धीर होत नाही. तू ती खोली किती वर्षं मनात रंगवत होतीस, हे तिला कळतं. मलाही कळतं, दाखवत नसले तरी. पुढच्या महिन्यात ती दोघं तुझ्याकडे पाहुणे म्हणून येतील, खिडकीपाशी बसतील, तुझ्या हातचं खातील. दुकानाच्या दारावर लावायची सुट्टीची पाटी आईनं आत्ताच लिहून ठेवली आहे, आणि तिच्यावर 'सुट्टी'पेक्षा परत उघडण्याची तारीख मोठ्या अक्षरांत आहे. तुला वाईट वाटेल. वाटू दे. पण रागवायचं तर आईवर नको, माझ्यावर रागव. दिवे मी निवडले.

तुझीच,
धाकटी