झटका मशीन आणि दोन चॅनेलचा स्कोप

१ जानेवारी, सकाळी ९
संकल्प एकच. अंदाजपंचे दुरुस्ती बंद. वीस वर्षं हे दुकान मल्टिमीटर, नाक आणि कान यांच्यावर चाललं. आता ऑसिलोस्कोप. विजेची लाट पडद्यावर डोळ्यांनी दिसते, मग वाद कशाचा? पोर्टेबल, डिजिटल, बजेट सहा हजार. अख्ख्या दारव्ह्यात कोणाकडे नसेल. चौकशी केलेली नाही, पण नसेलच.

स्कोपसाठी बेंचवर जागा केली. फळी कमी पडली म्हणून भिंतीवरचा जुना बोर्ड काढून तिथे ठोकला, पालथा. 'झटका मशीन आणण्याआधी अर्थिंगच्या सळईला बादलीभर पाणी टाकून पाहा.' दहा वर्षं टांगला होता. आलेलं गिऱ्हाईक मीच परत पाठवत होतो. शिवाय अशास्त्रीय.

३ जानेवारी
सदाशिवराव आले. ऑटोने, काठी टेकत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सोबत त्यांचं झटका मशीन. शेताभोवतीच्या तारेत हे झटका सोडतं, म्हणजे रानडुकरं आत शिरत नाहीत. तीन एकर हरभरा आहे, घाटे धरायला लागलेत. म्हणाले, भाऊ, तारेले हात लावला तरी काईच होऊन नाई राह्यलं, आजच्या आज पाहा.

बेंचवर लावलं तर टकटक व्यवस्थित. जुना मी म्हणालो असतो, न्या परत, सळईजवळची माती सुकली की झटका बसत नाही, पाणी टाका. पण टकटक हा पुरावा नव्हे. लाटेची उंची किती? रुंदी किती? स्कोपशिवाय कोण सांगणार? चार दिवस लागतील म्हणालो. ते म्हणाले, मंग जागलीले घरच्यायलेच जा लागन, माह्यानं तं मचानावर चढणं होत नाई. घरच्या म्हणजे वच्छलाबाई. साठीच्या आहेत, पण काटक आहेत. चारच दिवसांचा प्रश्न आहे.

५ जानेवारी
वहीत तक्ता केला. एक चॅनेल, म्हणजे पडद्यावर एकच रेघ, की दोन? बँडविड्थ दहा की चाळीस? पडदा अडीच इंच की साडेतीन? बॅटरी किती तास? आठ व्हिडिओ पाहिले. आठही जणांनी वेगवेगळा स्कोप घ्यायला सांगितला. म्हणजे विषय खोल आहे.

रुपाली म्हणाली, अहो, दुकानात एक जादा मशीन पडलंय, ते तरी द्या त्यांना तोवर. सूचना चांगली होती. पण ते मी कालच उघडलं. तुलनेसाठी एक चांगलं मशीन लागतंच. आता त्याचे दोन स्क्रू सापडत नाहीत.

८ जानेवारी
वच्छलाबाईंचा फोन. भाऊ, झालं का जी? डबे वाजवून वाजवून हात दुखून राह्यले. मी म्हणालो, टेस्टिंगला आहे. हे खोटं नाही. टेस्टिंगचं यंत्र निवडणं हा टेस्टिंगचाच भाग आहे.

ठरलं. एक चॅनेल.

९ जानेवारी
दोन चॅनेल. एक चॅनेल घेणारे सहा महिन्यांत पस्तावतात, असं एका व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलंय. बजेट साडेआठ हजार झालं. रुपालीला अजून सहाच माहीत आहे.

१२ जानेवारी
मैत्रेयी यवतमाळहून आली. पॉलिटेक्निकला आहे, दुसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स. मोठ्या उत्साहाने तिला तक्ता दाखवला. तिने तक्ता पाहिलाच नाही. म्हणाली, बाबा, असल्या स्कोपचा प्रोब, म्हणजे टेकवायची वायर, चारशे व्होल्टचा असतो. झटका मशीन आठ-नऊ हजार देतं. थेट लावू नका, वेगळा प्रोब लागतो. आणि त्यांच्या अर्थिंगचं विचारलं का तुम्ही?

हुशार आहे पोरगी. पण पुस्तकी. झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता असतो. तेवढ्यात कोणाचं काय बिघडणार? अर्थिंगचं विचारलं नाही, हे तिला सांगितलं नाही. विषय बदलला.

ऑर्डर दिली. हलकं वाटलं.

१६ जानेवारी
ॲपवर दिसतंय, पार्सल यवतमाळला पोचलं. यवतमाळ ते दारव्हा म्हणजे काय लंका आहे? वच्छलाबाईंचे दोन फोन. एक उचलला नाही. दुसऱ्यालाही तसंच केलं. यंत्र हातात आल्यावर एकदम चांगली बातमी द्यावी.

१८ जानेवारी
पार्सल अजून यवतमाळलाच. सदाशिवरावांनी गावातल्या कोणाकडून निरोप पाठवला. नसन होत तं तसंच वापस द्या, भाऊ. मला हे लागलं. नसन होत म्हणजे काय? होतच आहे. फक्त शास्त्रीय पद्धतीने होतंय. सोमवारी नक्की, असं कळवलं.

१९ जानेवारी
वच्छलाबाई मचानावरून पडल्या. डुकरांचा कळप आत शिरला, त्या घाईघाईने उतरायला गेल्या, पाय सटकला. उजवा हात मनगटात मोडला. दवाखान्यात जाऊन आलो. त्या म्हणाल्या, कायले आले भाऊ काम सोडून, मी तं बरी हाओ. हात तेवढा सुजला होता.

मचानाची शिडी जुनी होती, हे नोंदवून ठेवतो. अंधारात उतरायचं तर बॅटरी जवळ हवी, हेही. आणि डुकरं काय कोणाच्या मशीनला विचारून येतात का? त्यांच्यासाठी नेलेली केळी पिशवीतच राहिली, तशीच घरी आणली.

२१ जानेवारी, दुपारी ३
आला!! काय देखणी वस्तू आहे. रबरी कडा, पिवळी आणि निळी अशा दोन रेघा. प्रोबच्या टोकाला नुसतं बोट लावलं तर पडद्यावर लाट आली. माझ्याच अंगातली वीज. रुपालीला बोलावून दाखवली. ती म्हणाली, ते मशीन पाहा आधी.
आज चार्जिंग. उद्या सकाळी शुभारंभ.

२२ जानेवारी, सकाळी ११
प्रोब लावतोय.

११.०२
पडदा पांढरा झाला. बहुधा सेटिंग.

११.०५
काळा झाला.

११.२०
वास येतोय. वीस वर्षांचं नाक आहे, चुकत नाही. झटका मशीनची टकटक मात्र चालू आहे. व्यवस्थित.

२२ जानेवारी, संध्याकाळी
दुपारी डोकं धरून बसलो असताना रुपालीने मशीन उचललं, स्कूटीवर ठेवलं आणि गेली. कुठे ते मी विचारलं नाही. दिवे लागायच्या वेळेला आली. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मशीन तारेला जोडलं म्हणाली. सळईपाशी धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची माती नुसती फुफाटा झालेली. विहिरीवरून दोन बादल्या आणून ओतल्या. मग हिरव्या गवताची काडी तारेला टेकवून पाहिली. हात झटकन मागे आला.

शिकलीस कुठे, मी विचारलं. म्हणाली, दहा वर्षं रोज तुमचं ताट घेऊन दुकानात येते, भिंतीवर वाचत होते.

वच्छलाबाईंना काय सांगितलंस, हेही विचारलं. काही सांगितलं नाही म्हणाली. यांनी नीट करून दिलं, एवढंच. तुमची अब्रू ती माझीही आहे. मग ती हातपाय धुवायला गेली. मला लाज वाटली. इतकी की बोर्ड उलटा करायला उठलो आणि परत बसलो.

२५ जानेवारी
बोर्ड उपसून पुन्हा भिंतीवर लावला. खिळे ठोकल्याची चार भोकं पडलीत, अक्षरं वाचता येतात. स्कोपच्या कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं, वॉरंटीत बसत नाही. प्रोबवर चारशे लिहिलेलं होतं म्हणे. होतं.

९ फेब्रुवारी
सकाळी वच्छलाबाई आल्या. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. बसा म्हणालो, चहा सांगितला. त्यांनी डाव्या हाताने पदराची गाठ सोडली. हरभरा. दोन मुठी असेल. दरवर्षी नवा माल निघाला की आपल्याकडे त्यांचा वानोळा येतो, पायलीभर तरी. म्हणाल्या, बाकीचा सारा डुकरायनं नेला भाऊ. धुऱ्याकाठचा तेवढा वाचला, तुमी मशीन नीट करून देल्ल्यानं. रीत काहून मोडाची, म्हणून आणला.

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी बोललो असतो. रुपाली आतल्या दारात उभी होती.

चहा येईपर्यंत वच्छलाबाई भिंतीकडे बघत होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, एकेक अक्षर लावून वाचतात. अर्थिंगच्या. सळईला. बादलीभर. पाणी. शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नंतर प्लास्टरकडे पाहिलं.

म्हणाल्या, हा बोर्ड यायले दिसला नोयता जी, मशीन आनलं त्या रोजी. नवीन लावला का?

मी म्हणालो, हो, नवीनच आहे.

बरं केलं, म्हणाल्या. दुसऱ्या कोनाच्या कामी येईन. आणि चहा न घेताच गेल्या.

हरभरा बेंचवर आहे, बंद स्कोपच्या शेजारी. रुपालीने अजून आत नेलेला नाही.