वाटीभर पाण्याचा बाप्तिस्मा

१ सप्टेंबर, सोमवार
जावयाचा मेसेज. नातीचा बाप्तिस्मा एकवीस तारखेला, त्यांच्या चर्चमध्ये. म्हणजे शिंपडून. तीन महिन्यांचं पोर, अजून धड मान धरत नाही, ते विश्वासाची कसली कबुली देणार? पाळक वाटीत बोटं बुडवणार, टाळूवर चार थेंब टाकणार, झाला बाप्तिस्मा. शी. डोळ्यांना पाणी लावून आंघोळ झाली म्हणणाऱ्यांतला प्रकार.
वर मला मोठेपणा देतायत. त्यांच्या पद्धतीप्रमाणे बाळाला हातावर घेऊन आजोबांनी पुढे उभं राहायचं, आणि तो आजोबा मी.
कळवून टाकलं: तत्त्वात बसत नाही. नात मोठी होऊन स्वतः कबुली देईल तेव्हा आमच्या चर्चच्या टाकीत नखशिखांत बुडवू. तोवर मी हात लावणार नाही.
आता तारीख रद्द होणार. माझ्याशिवाय कार्यक्रम करायची त्यांची छाती नाही.

२ सप्टेंबर
तारीख रद्द झाल्याचा मेसेज नाही. नेटवर्क खराब.

४ सप्टेंबर, गुरुवार
जावयाला दुकानात बोलावून शांतपणे समजावलं. म्हटलं, तीस वर्षं लाँड्री चालवतोय. मळका कपडा टबात बुडवावाच लागतो. पाणी शिंपडतात ते इस्त्रीला. बिनतोड पॉइंट. तो म्हणाला, बाबा, एवढ्याशा लेकरावर मळ कुठला, इस्त्रीच पुरे. वर हसला. हल्लीच्या पोरांना दृष्टांत कळत नाहीत.
आमच्या पोरीने तर पंधराव्या वर्षी आमच्याच टाकीत बाप्तिस्मा घेतलाय. तिला काही वाटायला नको? आमची ही म्हणाली, त्या टाकीचा वास तिच्या केसांना आठवडाभर येत होता. टाकी मीच घासतो. मागच्या वेळी पाण्यावर कुणाची तरी बँडेजपट्टी तरंगत होती, हे मान्य. पण पट्टी वेगळी, तत्त्व वेगळं.

७ सप्टेंबर, रविवार
निश्चय: घरात हा विषय काढायचा नाही. मौनात जास्त ताकद असते.
व्याही जेवायला आले. दातांचे डॉक्टर. बोटांना कायम हातमोज्यांचा रबरी वास. त्याच बोटांनी मला पाण्याचा ग्लास देतात. घशाखाली उतरत नाही.
मौन ताटं वाढेपर्यंत टिकलं. मी म्हटलं, प्रभू यार्देन नदीत उतरले होते, वाटीत नाही. ते म्हणाले, खरंय तुमचं. पण शास्त्रातला तो तुरुंगाचा नायक, त्याला घरादारासकट रातोरात बाप्तिस्मा दिला, तिथे टाकी कुठली असणार? म्हटलं, असेल हौद. ते म्हणाले, असेलही. या माणसाशी धड भांडताही येत नाही, साबणाच्या वडीसारखा हातातून निसटतो.
निघताना म्हणाले, बाळाला तुम्हीच घ्या हो, माझे हात हल्ली थरथरतात. दातांच्या डॉक्टरचे हात थरथरतात आणि तो हे उघड सांगत फिरतो. किळस आली. मी ठाम राहिलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
देवानेच शत्रू हाती दिला. व्याह्यांच्या घरातला पिढीजात बाप्तिस्म्याचा झगा आज दुकानात धुवायला आला. पांढरा, लेसचा, नातीच्या दुप्पट लांब. गळ्याशी पिवळे डाग, तीन पिढ्यांची लाळ आणि ओकलेलं दूध.
प्लॅन: झगा द्यायचाच नाही. झगा नाही तर कार्यक्रम नाही. खोटं मात्र बोलायचं नाही. विचारलं तर ‘काम चालू आहे’ म्हणायचं.

१५ सप्टेंबर
काम चालू आहे हे खरं असावं, म्हणून डागांना हात घातला. फक्त गळ्याच्या.

१७ सप्टेंबर, बुधवार
डाग हट्टी. मशीनवर भरवसा नाही, लेस हातानेच धुतली. दिवस गेला, बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली. बाहीला मुंगीएवढं भोक होतं, ते रफू केलं. यात माया वगैरे काही नाही, धंद्याची इज्जत आहे.
हिने विचारलं, झाला ना, मग देऊन येऊ? म्हटलं, काम चालू आहे. म्हणाली, तुमच्या हट्टापायी नातीचा हा दिवस हातचा घालवाल, तो परत यायचा नाही. म्हटलं, तू बघच, रविवारी सकाळी पाय धरत येतात की नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
झगा हँगरवर, पांढरा शुभ्र. फोन नाही. घाबरले असणार.
उद्याची स्ट्रॅटेजी: ते आले की लगेच होकार द्यायचा नाही. आधी थोडं तत्त्व सांगायचं. मग मोठ्या मनाने झगा द्यायचा आणि बाळाला स्वतःच घ्यायचं. निषेध म्हणून चेहरा गंभीर. सूट प्रेस केलाय. टायसुद्धा.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळ
ही लवकर आवरून पोरीकडे गेली. मला चला म्हणाली नाही. मी सूट घालून गॅलरीत बसलोय. मघाशी एक गाडी थांबली. खालच्या मजल्यावाल्यांची होती.

दुपार
फोटो आला. बाळ साध्या फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये, व्याह्यांच्या हातावर. हात काही थरथरत नाहीयेत. टाळूवर पाणी चमकतंय. रडत नाहीये.
जावयाचा मेसेज: बाबा, तुमचं पोट बिघडलंय असं आईंनी सांगितलं. आराम करा. झग्याची घाई नाही.

संध्याकाळ
सगळे घरी आले. हिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, कुणी माझी वाट पाहिली का? म्हणाली, पोरगी चर्चच्या दारात उभी होती. घंटा झाली तेव्हा आत गेली.
बाहेर बाळ व्याह्यांच्या खांद्यावर झोपलं होतं. मी दोन्ही हात पुढे केले. पोरगी हळूच म्हणाली, बाबा, आत्ताच डोळा लागलाय, राहू द्या.
राहू दे तर राहू दे. काम आहे म्हणून सांगितलं आणि किल्ली घेऊन दुकानात आलो. रविवारी दुकान बंद असतं, हे सगळ्यांना माहीत आहे.